पलटणीशी लागलेलं लगीन

लग्नाला नवरा लागतो, हे कळायला फार शाळा शिकावी लागत नाही. पण अंजनाच्या लग्नात सगळं होतं आणि नेमका तोच नव्हता. मांडव होता, वाजंत्री होती, खपलीच्या खिरीच्या कढया चुलवणावर रटरटत होत्या. वडूजकडून गाड्या भरभरून आलेलं मुलीकडचं वऱ्हाड होतं. हळदीनं पिवळीधमक झालेली सोळा वर्षांची अंजनाही होती. नवऱ्याच्या जागी तेवढी एक तार आली होती.

तार इंग्रजीत होती, म्हणून मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि सांगितलं की नवरदेवाची, म्हणजे कृष्णातची, सुट्टी कापली, पलटण बोटीत बसली.

हे त्रेचाळीस सालचं. कडेगावजवळच्या त्या गावात घरटी एक तरी माणूस फौजेत होता, त्यामुळे सुट्टी कापली म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. पण हळद लागलेली मुलगी माघारी कशी न्यायची? अंजनाचा थोरला भाऊ सयाजी तालमीत वाढलेला गडी, मानेपासून खांदे कुठे सुरू होतात तेच कळायचं नाही. तो मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला तेव्हा खांब वाकला. त्यानं एवढंच विचारलं की आता काय करायचं सांगा. पण ते असं विचारलं की नवऱ्याचा बाप आप्पासो दोन पावलं मागे सरकला.

मग कुणी म्हाताऱ्यानं सुचवलं की पूर्वी नवरा लढाईवर असला म्हणजे त्याचा खांडा पाठवायचे आणि नवरी त्या तलवारीला माळ घालायची. सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. आप्पासोच्या घरात पणजोबांची तलवार होती हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. आप्पासोला मात्र घाम फुटला. कारण पोलाद चांगलं म्हणून गेल्या दिवाळीत त्यानं त्या तलवारीचे लोहाराकडून ऊसतोडीला दोन कोयते करून घेतले होते.

भटजी म्हणाले, शस्त्र ते शस्त्र, कोयताही चालेल. आप्पासो तर कोयता आणायला उठलाही. पण सयाजी खांबापासून सुटा झाला.

"माझी भन कोयत्याला देणार न्हाई," तो म्हणाला. "ते बी दोन कोयते हायती. दोगास्नी द्यायची का काय?"

कोयता राहिला. तेव्हा कृष्णातची आई धोंडुबाई आत गेली आणि पदरानं पुसत पुसत फोटोची चौकट घेऊन आली. पलटण छावणीत होती तेव्हाचा फोटो. शेजारच्या गावचा एक जवान सुट्टीवर आला होता, त्याच्याबरोबर कृष्णातनं तो धाडला होता. त्या जवानानं एवढंच सांगितलं होतं की ह्यात तुमचा कृष्णात हाय. मग दोन वेळा जेवून तो आपल्या गावाला गेला होता.

चौकट पाटावर ठेवली. मध्ये अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. अंजनानं मान खाली घालूनच चौकटीला माळ घातली. धोंडुबाईनं मंगळसूत्र काचेला लावून सुनेच्या गळ्यात बांधलं. इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. घोळ झाला तो कानपिळीला.

कानपिळी म्हणजे नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा आणि माझ्या बहिणीला नीट नांदव म्हणून दम द्यायचा. या एका कामासाठी सयाजी सकाळपासून बोटं मोडत होता. तो चौकटीपुढं उकिडवा बसला, माळ बाजूला केली आणि तसाच बसून राहिला. मग त्यानं मान वर केली.

"ह्यात अकरा हायती," तो म्हणाला. "कान कुनाचा पिळू?"

हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळे वाकले. फोटोत अकरा जवान होते, दोन रांगांत, अकराही जणांच्या डोक्यावर लोखंडी टोप्या डोळ्यांपर्यंत ओढलेल्या. तोंडं म्हणाल तर तिळाएवढी. कृष्णात भरती झाला तेव्हा मिसरूडही न फुटलेला पोरगा होता, आणि त्यानंतर तो घरी आलाच नव्हता. धोंडुबाईनं मागच्या रांगेतल्या झुपकेदार मिशीवाल्या उंच जवानावर बोट ठेवलं. आप्पासो म्हणाला छे, बंदूक मांडीवर घेऊन बसलाय तो. नवऱ्याचा चुलता म्हणाला की दोन्ही नव्हेत, कडेचा हसतोय तो कृष्णात, कारण आमच्या घराण्यात सगळे असेच उगाच हसतात. मांडवात दोन तट पडले, मग तीन पडले. वाजंत्रीवाल्यांनीही आपापले जवान निवडले.

शेवटी धोंडुबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पोटात मी वाढवलाय का तुमी?"

मिशीवाला ठरला. सयाजीनं अंगठा आणि बोट काचेवर ठेवून मिशीवाल्याचा कान पिळल्यासारखं केलं, आणि खीर वाढायला घेतली.

अंजना त्या दिवशी इतकी रडली की हळदीचे ओघळ गळ्यापर्यंत आले. सगळ्या मैत्रिणींच्या लग्नात नवरे होते. काळे, बुटके, तोतरे, कसे का असेनात, पण होते. पंगतीत बायका तोंडाला पदर लावून खुसखुसत होत्या की पोरीला एकदम अख्खी पलटण मिळाली. तिला वाटलं, पुढे कितीही जगले तरी हा दिवस आठवला की जीव नकोसा होणार.

सासरी चौकट माजघरात लागली आणि नवंच लचांड सुरू झालं. त्यातला एक नवरा धरला तरी उरलेले दहा परपुरुष होते. त्यामुळे माजघरात अंजनाला दिवसभर डोक्यावरून पदर घ्यावा लागायचा. भाकरी थापताना पदर, ताक घुसळताना पदर. धोंडुबाई तर फोटोसमोरून जाताना खाकरून जायची. एकदा अंजनानं वैतागून चौकट भिंतीकडे तोंड करून लावली. सासूनं ती सरळ केली आणि विचारलं की लढाईवरच्या माणसांना कोपऱ्यात तोंड घालून उभं करतात का.

पण सहा महिने गेले, वरीस गेलं आणि गंमत झाली. तिच्या वयाच्या दुसऱ्या सुना नदीवर धुणं आपटताना नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगायच्या. एकीचा घोरायचा, एकीचा ताट भिरकावायचा, एकीचा आईच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय पाणीसुद्धा मागायचा नाही. अंजना ऐकून घ्यायची आणि घरी येऊन मिशीवाल्याकडे बघायची. हा कधी काही बोलला नव्हता. तिनं सांगितलेलं सगळं, अगदी म्हशीच्या खोडीपासून सासूच्या कुरकुरीपर्यंत, तो मिशीतल्या मिशीत ऐकून घ्यायचा. तिला हळूहळू त्याची सवय झाली. सणाला ती त्याच्यापुढे पुरणाची पोळी ठेवायची. बाकीच्या दहांसाठी अर्धी, वाटून खा म्हणून.

आणि मग लग्नाचा तो दिवसही बदलला. होता तोच, पण आता तो आठवला की तिला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटायचं. शेजारची लीलाबाई तोंडानं फटकळ होती. तिनं एकदा कोयत्याची आठवण काढून चिडवलं, तर अंजनानं ताठ मानेनं सांगितलं की नवऱ्याशी लग्न कुणीही करतं. पलटणीसमोर उभं राहून करायला छाती लागते.

लढाई संपली. शेचाळीस सालच्या उन्हाळ्यात सांगावा आला की कृष्णात येतोय. घर सारवलं, दारात रांगोळी काढली. धोंडुबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यावर उभी राहिली. तिच्या मागे ओवाळायचं ताट घेऊन अंजना. तिनं नवं लुगडं नेसलं होतं, आणि मिशीवाला दाराच्या चौकटीत मावेल का याची तिला खरोखर काळजी लागली होती.

पांदीतून एक बुटका माणूस डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन आला. तोंड गोल, गुळगुळीत, कान सुपासारखे. त्यानं ट्रंक खाली ठेवली आणि बत्तीसच्या बत्तीस दात दाखवून हसला. अंजनानं त्याच्या डोक्यावरून पांदीकडे बघितलं.

"मालक मागनं येत्यात का?" तिनं त्याला विचारलं.

तेवढ्यात धोंडुबाईनं तांब्या टाकून त्या बुटक्याच्या गळ्यात मिठी मारली आणि हंबरडा फोडला. अंजनाला आधी वाटलं, सासू मुलाच्या आनंदात हमालाला मिठी मारतेय. मग आप्पासोही रडायला लागला. मग तिच्या हातातलं ताट कलंडलं आणि निरांजन रांगोळीत पडलं.

कृष्णातला काहीच कळेना. त्याला माजघरात नेलं. सासूनं अडखळत, लाजत, निम्मं गिळत त्याला चौकटीची हकीकत सांगितली आणि मिशीवाल्यावर बोट ठेवलं. कृष्णातनं वाकून बघितलं आणि तो पोट धरून खालीच बसला.

"ह्येचं नाव गुंडा," तो म्हणाला, "आमच्या लंगरातला आचारी. भाकऱ्या लय झ्याक थापतो. तीन पोरं हायती त्याला."

बंदूकवाला नांदेडचा निघाला. हसणाऱ्याचं नावसुद्धा कृष्णातला आठवेना. अंजना दाराआड उभी होती. तिनं तिथूनच विचारलं.

"मग तुमी कुठं हाय?"

कृष्णातनं चौकटीची काच बोटानं पुसली आणि पार उजव्या कडेला, लाकडाला अगदी चिकटून, एक काळपट टोक होतं त्यावर नख ठेवलं. ते टोक म्हणजे फोटोवाल्याच्या पडद्याची घडी आहे असं तीन वर्षं सगळे समजत होते.

"हे माजं कोपर," तो म्हणाला. फोटोवाल्यानं जरा आत सरका म्हणून सांगितलं होतं, तेव्हा घाईत हा बाहेर सरकला होता. तसं घरी सांग म्हणून त्यानं त्या जवानाला बजावलंही होतं. जवान दोन वेळा जेवला आणि तेवढंच विसरला.

अंजना परसात जाऊन गव्हाणीपाशी बसली. तीन वर्षांचा तिचा सगळा संसार एका भटाऱ्याबरोबर झाला होता. ज्याला खरोखर माळ घातली तो तर नुसतं कोपर. लग्नाचा दिवस आता दुसऱ्यांदा बदलला, आणि या खेपेला तो पहिल्या दिवसापेक्षा वाईट झाला. तेव्हा निदान लोक हसत होते. आता तर ती स्वतःच स्वतःला हसण्याजोगी दिसत होती, आणि हसू तर येत नव्हतं.

सयाजीला निरोप गेला. तो दुसऱ्याच दिवशी आला. आपण भलत्याचाच कान पिळला याचा त्याला बहिणीपेक्षा जास्त राग आला होता. चावडीवर चार शहाणी माणसं बसली आणि लग्न लागलं की नाही यावर दुपारभर वाद झाला. एक पक्ष म्हणाला, माळ चौकटीला घातली, कोपर चौकटीत आहे, म्हणजे लागलं. दुसरा म्हणाला, तसं धरलं तर उरलेल्या अकरांशीही लागलं. यावर सगळे विचारात पडले. अंजनाला कुणी विचारेना, तेव्हा ती आपणहून पदर सावरून चावडीच्या पायरीशी गेली.

"ह्यास्नी मी वळखत न्हाई," ती म्हणाली. "येत्या बाजारापत्तूर घरात पाव्हणं म्हनून ऱ्हाऊ देत. बाजारादिवशी दादा गाडी घेऊन येईल. तवा सांगते, हितं ऱ्हायाचं का जायाचं."

झालं. कृष्णात आपल्याच घरात पाहुणा झाला. त्याला ओसरीवर घोंगडी अंथरून दिली. बाहेर पाय धुवायला पाणी ठेवलं. जेवायला पाट, ताटाभोवती रांगोळी, भाकरीवर तूप. तोही इतका सभ्य पाहुणा निघाला की धोंडुबाईला घेरी यायची. तो दुसरी भाकरी घेऊ का म्हणून विचारायचा. विहिरीवर जाताना सांगून जायचा. एकदा तर त्यानं आईला विचारलं की आपल्याला किती मुलं. उसाला पाणी पाजायचं पडलं होतं, म्हैस दावं तोडत होती, आणि घरातला धडधाकट मुलगा ओसरीवर पान चघळत होता. धोंडुबाई फणफणली की अंजना शांतपणे विचारायची, पाव्हण्याला कामाला लावत्यात व्हय? त्यावर पाहुणा गंभीरपणे मान डोलवायचा.

अंजना बोलायची नाही, पण बघायची. हा घोरत नव्हता. ताट भिरकावत नव्हता. पण मिशी नव्हती, उंची नव्हती, आणि मुख्य म्हणजे जिथं बघावं तिथं हसत होता. बाजाराचा दिवस जवळ येत चालला आणि धोंडुबाईचा जीव खालीवर व्हायला लागला.

बाजारादिवशी सकाळी अंगणात शेंगा फोडायला बायका बसल्या होत्या. गाडी दुपारी येणार, हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे त्या दिवशी शेंगा फोडायला गावातल्या निम्म्या बायका आल्या होत्या. लीलाबाईनं कृष्णातला लढाईची एखादी गोष्ट सांगायला सांगितलं. कृष्णात ओसरीवरून म्हणाला की लढाईत फार काही झालं नाही. बहुतेक वेळ बटाटे सोलण्यातच गेला.

"माज्या हयातीत येकच मोटी गोष्ट झाली, माजं लगीन," तो म्हणाला. "समदा गाव जेवला. म्या येकटाच न्हवतो. कसं झालं सांगा की कुनी तरी."

मग आप्पासोनं घसा खाकरला आणि सांगायला सुरुवात केली की फोटोची युक्ती मुळात त्याचीच. तलवार होती घरात, पण ती मुद्दामच काढली नाही, कारण पोरीला भीती वाटली असती. अंजना आत जात्यावर होती. जातं थांबलं. मग धोंडुबाईनं सांगितलं की तिला तर पहिल्यापासून ठाऊक होतं, मिशीवाला आपला नव्हे. आईच्या काळजाला कळत नाही का? पण मांडवात सगळे एकदम ओरडायला लागले, म्हणून ती गप्प बसली.

अंजना पिठाचे हात घेऊन दारात आली.

"तसं न्हवतं," ती म्हणाली.

सगळ्या बायका वळल्या. अंजनाला माघारी जायचं होतं, पण इतकं खोटं ऐकून कुणाला जाववेल? ती म्हणाली, तलवारीचे कोयते झाले होते. दोन. ते आत्ता त्या खुंटीला आहेत, बघा. सासरे तर कोयत्याला मुंडावळ्या बांधायला निघाले होते. आणि सासूबाई गप्प बसल्या होत्या म्हणे. सासूबाई कमरेवर हात ठेवून काय म्हणाल्या ते तिनं आवाज काढून, मान हलवून करून दाखवलं, तशी लीलाबाईच्या मांडीवरचं सूप उपडं झालं. मग सयाजी चौकटीपुढं उकिडवा कसा बसला, अकरा तोंडांवरून त्याचं बोट कसं फिरलं, वाजंत्रीवाल्यांची कशी जुंपली, भटजी कसे मधूनच खिरीकडे बघत होते. हे सगळं तिला दिसलं होतं. त्या दिवशी मान खाली घालून ती रडत होती, तरी यातलं एकूण एक तिनं बघून ठेवलं होतं, हे तिचं तिलाच आत्ता कळत होतं.

ओसरीवर कृष्णात घोंगडीत तोंड खुपसून हसत होता. मध्येच तो डोकं वर काढायचा आणि काहीतरी विचारायचा. त्याच्या वाटणीची खीर कुणी खाल्ली? वरातीत घोड्यावर कोण बसलं? अंजना म्हणाली, घोड्यावर चौकट बसली. एका माणसानं मागून धरली होती. वेशीपाशी घोडा बुजला आणि चौकट त्या माणसासकट उकिरड्यात गेली.

"मला लागलं का?" कृष्णातनं विचारलं.

आणि अंजनाला हसू फुटलं. साधंसुधं नाही. ती दाराला धरून हसली, मग खाली बसून हसली, पिठाचे हात तोंडाला लावले तर तोंड पांढरं झालं, त्यावर आणखी हसली. तिला बोलायचं होतं की कोपराला खरचटलं असेल, पण दर वेळी ती 'को' म्हणायची आणि पुढे जमायचंच नाही. ज्या दिवसापायी तिनं दोन उशा भिजवल्या, तो दिवस तिच्या हातात शेंगेसारखा फुटला होता. आत दाणे निघाले होते. ते तिथं आधीपासून होते की तीन वर्षांत भरले, देव जाणे.

या गलक्यात दुपार झाल्याचं आणि सयाजीची गाडी दारात येऊन उभी राहिल्याचं कुणाला कळलंच नाही. तो खाली उतरला, पांढऱ्या तोंडाच्या बहिणीकडे बघितलं, लोळणाऱ्या बायकांकडे बघितलं आणि आपलं काही चुकलं का म्हणून स्वतःकडे बघितलं. मग त्यानं विचारलं की गठुडं बांधलंय का.

धोंडुबाईनं एक शेंग फोडली आणि टरफलच तोंडात टाकलं. कृष्णात घोंगडीवर सरळ बसला. आल्यापासून पहिल्यांदाच तो हसत नव्हता, आणि तसा तो जरासा घाबरलेला, बऱ्यापैकी दिसत होता.

अंजनानं पदरानं तोंड पुसलं. निम्मं पीठ तसंच राहिलं.

"आवं," ती म्हणाली. सयाजीला नव्हे. ती ओसरीकडे बघत होती. "बसलाय काय? म्हस कवाधरनं वरडाय लागलीया. सोडा की तिला."

गावातल्या कुठल्याही बाईला यापुढे काही सांगावं लागलं नाही. लीलाबाईनं सूप उचललं आणि ती खाली मान घालून नसलेल्या शेंगा पाखडायला लागली. धोंडुबाईनं तोंडातलं टरफल गिळलं. कृष्णात टुणदिशी उठला, घोंगडीत पाय अडकून पडला, परत उठला आणि म्हशीकडे न जाता थेट गाडीकडे धावला.

"आदी मेव्हण्यांचे बैल सोडतो," तो म्हणाला. "न्हायतर हे जात्याल घेऊन कुनाला तरी."

सयाजीनं दुसऱ्या बाजूचा बैल सोडला. दोघे बैल घेऊन गोठ्याकडे गेले. जाताजाता कृष्णात मेव्हण्याला हळूच सांगत होता की पाव्हणा होतो तवर बरं चाललं होतं, रोज भाकरीवर तूप मिळायचं.

"उद्यापासनं ताक," माजघरातून अंजनाचा आवाज आला.